पश्चिमेच्या उन्हात कोणता धातू टिकेल?

प्रश्न: नागपुरात बेसा भागात आमचं घर आहे, खाली दुकान, वर राहतो, समोरची बाजू पश्चिमेला, तिला बाहेरून पॅनेल लावायचेत. फॅब्रिकेटर म्हणतो लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा करून त्यावर एसीपी (दोन पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांच्या मधे दुसरा थर असलेली शीट) मारू. मुंबईचे भाऊजी म्हणतात 316 स्टेनलेसच घ्या, नाहीतर गंजेल. कोणाचं ऐकू?

उत्तर: भाऊ, 316 वर पैसे घालू नका. त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो तो समुद्राच्या खाऱ्या हवेसाठी, मुंबईत ते बरोबरच आहे, पण नागपुरात स्टेनलेस लावायचंच तर 304 पुरतं.

आपल्याकडे खरा त्रास उन्हाचा. अ‍ॅल्युमिनियमचा 3 मीटरचा पत्रा जानेवारीच्या पहाटे 10 डिग्रीला असतो आणि मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवर 70 ला गेला तर 4 मिलिमीटरहून जास्त वाढतो, लोखंड त्याच्या निम्मंच. माझ्या गेटवरच्या छज्जाला कारागिराने दोन्ही टोकांना घट्ट रिवेट मारले होते, पहिल्याच मे मध्ये दुपारी चारला टक टक आवाज यायला लागला आणि पत्रा पापडासारखा फुगला, तो परत काही बसला नाही. म्हणून एक टोक पक्कं, बाकी ठिकाणी लांबट भोकं, आणि दोन पॅनेलच्या मध्ये 10-12 मिलिमीटर फट ठेवायला सांगा.

आता एसीपी. 4 मिलिमीटरच्या शीटमध्ये धातू म्हणजे दोन्हीकडे जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर, मधे स्वस्त मालात पॉलिथिलीन, म्हणजे प्लास्टिकच, आणि ते पेटतं. 2017 ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 72 माणसं गेली, आग बाहेरच्या अशाच पॅनेलवरून वर चढली होती. तुमच्या खाली दुकानाचं वायरिंग आणि वर लेकरं झोपणार, त्यामुळे साधा कोर, म्हणजे मधला थर, घेऊच नका, एफआर म्हणजे आग रोखणारा कोर घ्या आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट मागा, नाहीतर सरळ 2-3 मिलिमीटरचा सॉलिड अ‍ॅल्युमिनियम पत्रा, थोडा महाग पडेल.

सांगाडा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा करा. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो, तर घासून झिंकवाला प्रायमर मारून घ्या, नुसता रेड ऑक्साइड नको. पाइपची तोंडं बंद, स्क्रू स्टेनलेसचे, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मधे रबराची पट्टी, कारण पावसाचं पाणी दोघांच्या मधे अडकलं की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं. आणि पॅनेल चढायच्या आधी स्वतः शिडीवर जाऊन एकेक जोड बघा, नंतर ते सगळं झाकलं जातं.