महागाईप्रमाणे कामगारांचा पगार कसा वाढवायचा?

तुमचा प्रश्न असा, की जळगाव एमआयडीसीत चटईचा कारखाना आहे, 24 कामगार आहेत, दर दिवाळीला सगळ्यांना सरसकट 500 रुपये वाढवता, तरी माणसं टिकत नाहीत. मग महागाईचा हिशेब कसा धरायचा?

आधी किमान वेतन तपासा. त्यातला विशेष भत्ता (महागाईनुसार बदलणारा भाग) 1 जानेवारी आणि 1 जुलैपासून बदलतो. आदेश उशिरा निघाला तर मागचा फरक द्यावा लागतो. तुम्ही वर्षातून एकदाच वाढवता, त्यामुळे मधल्या काळात पगार किमान वेतनाखाली जाऊ शकतो.

त्याच्या वरच्या पगारासाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक घ्या, म्हणजे कामगाराच्या घरखर्चाच्या किमती किती वाढल्या ते दाखवणारा सरकारी आकडा. एका महिन्याचा आकडा नको, भाजीपाला महागला की तो उसळतो. सहा महिन्यांची सरासरी काढा. समजा ती 140 वरून 147 झाली. वाढ 7 अंकांची, पण टक्के 5 (7 भागिले 140). इथेच बहुतेकांचं चुकतं. 14,000 पगाराला 700 रुपये वाढ बसते. जुन्या करारात 2001 पायाचा (2001 ला 100 धरून काढलेला) आकडा असेल तर त्याला 2.88 ने भागा, म्हणजे तो 2016 च्या पायावर येईल.

ही वाढ मूळ पगारात किंवा महागाई भत्त्यातच टाका. 'इतर भत्ता' दाखवून पीएफ वाचवू नका. मूळ पगारात टाकलेल्या 700 रुपयांनी 20 वर्षं काम केलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी सुमारे 8,077 रुपयांनी वाढते (700 × 15/26 × 20, म्हणजे 26 दिवसांचा महिना धरून दर वर्षाला 15 दिवसांचा पगार). ओव्हरटाइमचा दुप्पट दरही ही वाढ धरूनच काढला जातो. हे त्याच्या हक्काचं आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दिलेली उचल म्हणजे पगारवाढ नव्हे, ती तर परत कापून घेता.

एक धोका मात्र आधीच सांभाळा. ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी आरोग्य विमा योजना, तिची महिना पगाराची मर्यादा 21,000 आहे. 20,600 वाल्या ऑपरेटरला 5 टक्के दिले की तो 21,630 वर जातो. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, ज्या सहामाहीत वाढ दिली ती संपेपर्यंत ईएसआयची कपात चालू ठेवायची, मग तो योजनेबाहेर पडतो. घरात आजारपण असेल तर 1,030 रुपयांच्या वाढीपेक्षा हा फटका मोठा. अशा कामगारांसाठी गट आरोग्य विमा आधी काढा आणि हप्ता कारखान्याने भरा.

सूत्र, पायाचा महिना आणि वाढीची तारीख मराठीत लिहून हजेरीपत्रकाजवळ लावा.