सर, आधी तो बाँड परत करा

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकताच निवृत्त झालो. वय ५८, राहणार विश्रामबाग, सांगली. ग्रॅच्युइटी, पेन्शन विक्री आणि जीपीएफ मिळून मागच्या महिन्यात ४० लाख रुपये आले. पेन्शन महिना ४० हजार. मुलगी यंदा बीकॉम झाली, तिला इंग्लंडला इंटरनॅशनल बिझनेसमध्ये एमएस्सी करायचं आहे. एक वर्षाचा कोर्स, फी १८ हजार पौंड. घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढावं का? कन्सल्टंट म्हणतात, तिकडे नोकरी लागली की दोन वर्षांत कर्ज फिटतं. बँकेतल्या साहेबांनी वर्षाला ५ लाखांची एक योजना दिली आहे, त्यामुळे कर्जाचं काम सोपं होईल असं ते म्हणाले. १० वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षाअखेर ८५ लाख मिळतील. त्या योजनेचा बाँड दोन आठवड्यांपूर्वी पोस्टाने आला.

उत्तर: सर, नमस्कार. मुलीच्या कोर्सचं नंतर बोलू, त्याला वेळ आहे. बाँडला नाही.

तुम्ही जिला योजना म्हणताय ती आयुर्विमा पॉलिसी आहे. बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती कारण न देता रद्द करता येते. याला फ्री लूक म्हणतात. स्टँप ड्युटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी सगळी रक्कम परत मिळते. तुमचे निम्मे दिवस संपलेत. उद्याच विमा कंपनीला ईमेल करा आणि लेखी अर्जाची प्रत देऊन पोच घ्या. साहेब म्हणतील, ‘सर, पुढच्या आठवड्यात या, आपण बघू.’ थांबू नका. मुदत टळली की मग सरेंडर, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडणं, आणि एकच हप्ता भरून बाहेर पडणाऱ्याच्या पैशाचा मोठा लचका तिथे जातो.

का रद्द करायची, ते बघा. तुमची पेन्शन वर्षाला ४ लाख ८० हजार आणि हप्ता ५ लाख. म्हणजे हप्ता मुदलातूनच जाणार. उरलेले ३५ लाख ७ टक्क्यांनी एफडीत ठेवलेत आणि त्यातून दर वर्षी हप्ता काढलात, तर दहावा हप्ता भरल्यावर हातात साडेचार लाखांच्या आसपास उरतात, तेही कर न धरता. पुढचा पैसा थेट वयाच्या ७३ व्या वर्षी. मधल्या काळात मुलीचं शिक्षण, लग्न, तुम्हा दोघांची आजारपणं कशातून करायची? आणि ५० लाखांचे ८५ लाख ऐकायला मोठे वाटतात, पण हिशेब केला तर परतावा वर्षाला जेमतेम ५ टक्के पडतो. निवृत्त शिक्षकाला दहा वर्षांच्या हप्त्यात अडकवणं मला अजिबात मान्य नाही. आणि कर्ज हवं तर पॉलिसी घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. पुन्हा कोणी तसं सुचवलं तर लिहून मागा.

दुसरी मुदतही चालू आहे, ती बहुधा तुम्हाला कोणी सांगितली नसेल. ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी साठीनंतर, पण ५५ ते ६० मधल्या निवृत्तांना निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं. मर्यादा ३० लाख, व्याज सध्या ८.२ टक्के. ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे पेन्शनवर महिना वीस हजारांची भर. पोस्टात जा, सोबत निवृत्तीचा आदेश आणि पैसे जमा झाल्याचा पुरावा न्या. विम्याचे पैसे परत आले की दहा लाख उरतील. पाच अडीअडचणीला एफडीत, पाच मुलीसाठी बाजूला.

आता मुलीचं. फी १८ हजार आणि राहण्या-खाण्याचे ११ हजार पौंड, १२० रुपयांनी धरले तर ३५ लाख. व्हिसा, तिकडचा आरोग्य अधिभार, विमान धरून ३८. शिक्षण आणि नंतरची हप्ता न भरण्याची सवलत मिळून दोन वर्षांचं व्याज चढलं की कर्ज ४५ लाखांवर जातं. साडेदहा टक्के, दहा वर्षं: महिन्याचा हप्ता ६० हजार. सहकर्जदार तुम्ही. म्हणजे तिची नोकरी लांबली तर बँक तुमच्या पेन्शनकडे आणि घराकडे बघणार.

कन्सल्टंटचं ‘दोन वर्षांत फिटतं’ मात्र कुठल्याच आकड्यात बसत नाही. वर्षाला ३० हजार पौंडांची नोकरी लागली असं धरू. कर आणि खर्च जाऊन महिना ७०० पौंड, म्हणजे ८४ हजार रुपये उरतील. शिक्षणानंतर नोकरीसाठी राहायची मुदतही १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी दीड वर्षच आहे. दीड वर्षात पंधरा लाख. बाकीचे तीस? त्यानंतर तिकडेच राहायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा, त्याची पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंड, नवख्यांना ३३,४००. कसलाही अनुभव नसलेल्या मुलीसाठी मी यावर घर लावणार नाही.

तिची निवड मात्र चांगली आहे, आणि त्यासाठी सांगलीसारखं गाव नाही. इथली द्राक्षं युरोपात जातात, तासगावचा बेदाणा आणि सांगलीची हळद बाहेर जाते. एखाद्या निर्यातदाराकडे तिला दोन वर्षं कागदपत्रांवर बसू द्या: बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याची पावती), लेटर ऑफ क्रेडिट (खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी), फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (मालात कीड-रोग नसल्याचं), द्राक्षातल्या औषधांच्या अंशांचे अहवाल. कंटेनर परत आला तर नुकसान कोणाच्या गळ्यात पडतं, हे तिथेच कळतं. पगार कमी असेल, चालेल. त्याच काळात कॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयएफटी (परदेश व्यापार शिकवणारी सरकारी संस्था) किंवा स्नॅप ही परीक्षा देऊन पुण्याचं सिम्बायोसिसचं एसआयआयबी हे इंटरनॅशनल बिझनेसचं कॉलेज. दोन्हीकडची फी लाखांत आहे, पण रुपयांत आहे. इंग्लंडचंच मनात असेल तर ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, तोही या दोन वर्षांत होतो. शिष्यवृत्तीनंतर दोन वर्षं भारतात परतावं लागतं, हे तिला आधीच सांगा.

एवढं होऊनही कर्ज काढायची वेळ आली तर रक्कम १५ लाखांच्या पुढे नेऊ नका आणि तिच्या नावावर तेवढाच साधा टर्म विमा घ्या. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरातली वजावट जुन्या कर प्रणालीतच मिळते, तेव्हा तीही परताव्याच्या हिशेबात धरू नका.

फ्री लूकच्या अर्जाची पोच मिळाली की मला कळवा. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाकायची. मजकूर मी लिहून देईन.