तीन कुत्री, एक गाढवीण आणि ठरलेलं लग्न

प्रश्न: मावशी, मी चोपडा तालुक्यातला. वय २९. केळी आणि कापूस करतो, घर मळ्यातच आहे. माझ्याकडे तीन कुत्री आहेत. तिपाईचा पुढचा पाय ट्रकखाली गेला, शंभू एका डोळ्यानं आंधळा आहे आणि काळीला कोणीतरी पोत्यात घालून पाटचारीत फेकलं होतं. शिवाय वीटभट्टीवरून सोडून दिलेली म्हातारी गाढवीण राणी, पंख मोडलेला एक राजहंस (त्याला आम्ही साहेब म्हणतो, अनोळखी माणसाच्या पोटऱ्या धरतो) आणि पिंजऱ्यात एक पोपट. आई रोज पहाटे कुत्र्यांसाठी सात भाकरी वेगळ्या थापते. आता शहाद्याकडची सोयरीक जुळलीय. बघण्याचा कार्यक्रम चोपड्यात काकांच्या घरी झाला, त्यामुळे त्यांना यातलं काही माहीत नाही. मुलीला लहानपणी कुत्रा चावलाय, ती घाबरते, असं तिच्या मावसबहिणीकडून कळलं. काका म्हणतात, लग्न होईपर्यंत सगळं शेजारच्या मळ्यात हलव, मग हळूहळू परत आण. मला तिला फसवायचं नाही आणि जनावरांनाही सोडायचं नाही. काय करू?

उत्तर: भाऊ, काकांचं ऐकू नकोस. लग्नाला पंधरा दिवस होत नाहीत तोच बांधावरून एकेक कुत्रं घरात येऊ लागलं, तर त्या मुलीला कुत्र्यांपेक्षा तुझीच भीती वाटेल. आणखी काय काय लपवलंय, हे तिनं कोणाला विचारायचं? साखरपुड्याच्या आधी सांग, आणि स्वतः सांग. मध्यस्थाच्या तोंडून गेलं तर तीन कुत्र्यांची शहाद्याला पोचेपर्यंत तेरा होतील.

खरं तर मला कुत्र्यांपेक्षा त्या सात भाकऱ्या टोचल्या. तुझं पत्र आठ पानांचं होतं, इथे लहान करून दिलंय. आठ पानांत जनावरं आणण्याचं काम सगळं तुझं आहे आणि सांभाळण्याचं आईचं. शंभूच्या डोळ्यात औषध आई घालते, शेण-मूत आई काढते, तू शेतातून आलास की कुत्री तुझ्या अंगावर उड्या मारतात. लाड तुझ्याकडे, कष्ट तिच्याकडे. सून आली की ती परात कोणाकडे सरकेल, हे शहाद्याच्या माणसांना सांगावं लागत नाही. त्या मुलीला कुत्र्यांची भीती असेल, पण त्याहून मोठी भीती ही असायला हवी, आणि ती रास्त आहे. म्हणून आजपासून सकाळचं सगळं तू कर. भाकरी थापता येत नसेल तर तांदूळ शिजव, त्यात अंडं उकडून घाल, कुत्र्यांची काही तक्रार नसते. फक्त घरातली उरलेली भाजी त्यांच्यापुढे ओतू नकोस. आपल्या खानदेशात कांदा-लसणाशिवाय भाजी होत नाही, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवतो. शेवभाजीचा रस्सा तर मुळीच नको.

हे अंगवळणी पडलं की मग मुलीशी बोल. बोलताना गुन्हा कबूल केल्यासारखं तोंड करू नकोस. पाचव्या पानावर तू काय लिहिलंयस ते परत वाच. तिपाई पहिले काही आठवडे पडत होती. कुत्र्याच्या अंगाचा साठेक टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे पुढचा पाय जाणं जास्त अवघड. मग एके दिवशी ती खारीमागे धावली आणि पाय नाही हे विसरूनच गेली. तुझ्या मोटरसायकलचा आवाज फाट्यावर आला की राणी ओरडते, त्यावरून आई चहा टाकते. साहेब रात्री शंभूच्या आंधळ्या बाजूला बसतो. का बसतो देव जाणे, पण तिकडून कोणी आलं की पहिली बोंब त्याची. हे असंच तिला सांग. माणसानं टाकलेल्या जनावरांनी माणसावर परत भरवसा ठेवावा आणि ते रोज तुझ्या अंगणात घडावं, हे सुख पैसे देऊन आणलेल्या पिलात मिळत नाही असं माझं मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल लॅब्रॅडॉर घ्यावा आणि मे महिन्यात जळगावच्या पंचेचाळीस अंशांत त्याला धापा टाकताना बघावं.

राणीबद्दल जरा जास्त सांग, कारण तिला बघून पाहुणे हसणार. गाढव हट्टी नसतं. घाबरलं की घोडा पळतो आणि गाढव पाय रोवून उभं राहतं, विचार करतं. त्यालाच आपण हट्ट म्हणतो आणि काठी घालतो. दुखणंही ते दाखवत नाही, म्हणून राणीनं कडब्याला तोंड लावलं नाही तर उद्यावर ढकलू नकोस, लगेच डॉक्टरला बोलाव. दीड-दोन महिन्यांनी तिचे खूर कापून घे. आणि बाकी लोकांचं म्हणशील, तर ज्या शहादा तालुक्यात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते आणि घोडे बघायला देशभरातून माणसं येतात, तिथल्या लोकांना जनावराचं वावडं असेल असं तू आधीच का धरून चाललास? दत्ताच्या तसबिरीत पायाशी कुत्री तर त्यांच्या घरीही असतील.

भीतीचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. लहानपणी चावलेलं कुत्रं आणि नंतरची इंजेक्शनं माणूस विसरत नाही. "काही करत नाही तो" हे वाक्य तू उच्चारायचं नाही. ती मळ्यात आली तर तिन्ही कुत्री आधी बांधलेली असू देत, तीही वाटेपासून लांब. त्यातल्या एकटीला, तिपाईला, साखळीवर आण, थोड्या अंतरावर बसव आणि गप्पा सुरू ठेव. मुलीनं तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, समोरून वाकून डोक्यावर हात ठेवायचा नाही. वाटलं तर तुकडा जमिनीवर टाकावा, हातातून भरवण्याची घाई नको. पहिल्या दिवशी एवढंच झालं तरी पुष्कळ. आणि तिनं "मला जमणार नाही" म्हटलं तर समजावायला बसू नकोस. ते तिनं आधी सांगितलं हे तुमच्या दोघांच्या फायद्याचं.

कुत्र्यांची लसीची कार्डं समोर ठेव. रेबीजची लस दरवर्षी, तिन्हींना. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून यात "गावठी आहे, काही होत नाही" चालत नाही. ओरखडा निघाला तरी जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात साबणानं धुवायची आणि सरकारी दवाखाना गाठायचा, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू दे. काळीची नसबंदी झालीय का, हे पत्रात नाही. नसेल तर लग्नाआधी उरक. नाहीतर दोन महिन्यांच्या गाभणकाळानंतर नव्या सुनेच्या स्वागताला सहा पिल्लं असतील.

आता पोपट. तो ठेवता येत नाही. आपला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, प्रेमानं पाळला तरी तो गुन्हाच. कुत्रं भटकं होतं, गाढवीण टाकलेली होती, पोपट मात्र कोणीतरी ढोलीतून काढून विकलेला असतो. तो तुझ्याकडे कसा आला हे तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. पण पिंजऱ्याचं दार उघडून सोडून देऊ नकोस, पिंजऱ्यात वाढलेल्याला बाहेर पोट भरता येत नाही. वनखात्याला सांग, त्यांच्याकडे दे. आईला वाईट वाटेल. सातपुड्याकडून मक्यावर उतरणारे थवे तिला रोज दिसतातच, तेवढ्यावर भागवावं लागेल.

आणि एक वचन त्या मुलीला आपणहून दे: यापुढे नवीन जनावर दोघांच्या होकाराशिवाय उंबऱ्यात येणार नाही. जखमी दिसलं तर उपचार कर, बरं झालं की घर शोधून दे. ते तुझ्याचकडे राहिलं पाहिजे असं नाही.

लग्न ठरलंच, तर हळदीच्या दिवशी डीजे आणि फटाक्यांपासून कुत्र्यांना लांब, आतल्या खोलीत, पाण्याच्या भांड्यासकट बंद ठेव. गळ्यात तुझा मोबाईल नंबर लिहिलेला पट्टा असू दे, आवाजानं बिथरलेलं कुत्रं कोसभर पळतं. राणीला गोठ्यात बांध. साहेबाला तर व्याही मळ्यात येतील तेव्हापासूनच कोंडून ठेव. सोयरीक पोटरीवरून मोडायला नको.