नॅरोबोट विकत घ्यावी की भाड्याने? प्रश्न बोटीचा कमी, रजेचा जास्त

लेस्टरहून एका वाचकांनी विचारलं आहे. वय 57, पगार वर्षाला 54,000 पौंड, पेन्शन फंडात 1,88,000, घराच्या कर्जापैकी 31,000 बाकी आणि त्या कर्जाचा स्वस्त दराचा करार पुढच्या वर्षी संपतोय. साठाव्या वर्षी निवृत्त व्हायचं आहे. नवरा-बायको दर उन्हाळ्यात एक आठवडा भाड्याची नॅरोबोट, म्हणजे कालव्यांसाठीची लांब, अरुंद पोलादी बोट, घेऊन कालव्यांवर फिरतात. आता 2003 साली बांधलेली 50 फुटी बोट 46,500 पौंडांना मिळतेय, ती पेन्शनच्या करमुक्त 25 टक्क्यांतून घ्यावी असं त्यांच्या मनात आहे. भाडं पाण्यात जातं, बोट मात्र केव्हाही विकता येते, हा त्यांचा हिशोब. मुरिंगचा, म्हणजे बोट बांधून ठेवायच्या जागेचा, खर्च टाळता येईल का, आणि स्वतः वापरत नसताना बोट भाड्याने देता येईल का, हेही त्यांनी विचारलं आहे.

आधी उत्तर: यंदा घेऊ नका. साठीनंतर घ्यायला माझी हरकत नाही, आणि तेव्हा हीच बोट कदाचित योग्यही ठरेल.

बोटीची किंमत एकदाच द्यायची असते, पण हा हत्ती रोज खातो. वर्षाचा खर्च मी असा धरलाय: लायसन्स 1,400 पौंड, मिडलँड्समधल्या मरीनात मुरिंग 3,000, विमा 250, इंजिनची सर्व्हिसिंग, बॅटऱ्या आणि किरकोळ दुरुस्ती 900, रस्त्यातल्या, म्हणजे पाण्यातल्या बिघाडासाठी मदतसेवा 150. दर तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला बिट्युमेनचा (डांबराचा) थर द्यावा लागतो आणि झिजलेले अॅनोड (पोलादाऐवजी स्वतः गंजणारे धातूचे तुकडे) बदलावे लागतात, त्याचे वर्षाला 330. सुरक्षा प्रमाणपत्र दर चार वर्षांनी लागतं, ते नसेल तर लायसन्स मिळत नाही, त्याचे 60. बेरीज 6,090. अडकलेल्या 46,500 वर 4 टक्क्यांनी बुडणारं व्याज 1,860 आणि बोटीच्या किमतीतली घट वर्षाला 1,000 धरली, की आकडा 8,950 वर जातो. डिझेल यात नाही, कारण ते दोन्हीकडे लागतंच. इंजिन तासाला एक ते दीड लिटर पितं.

आता याला आठवड्यांनी भागा. तुम्हाला रजा पाच आठवडे. सगळीच्या सगळी बोटीवर काढलीत तरी आठवडा 1,790 पौंडांना पडतो. मे किंवा सप्टेंबरात चार जणांची भाड्याची बोट मी आठवड्याला 1,300 धरतो, शाळांना सुट्टी असताना 1,800. म्हणजे मालकी परवडायला वर्षाला निदान सात आठवडे बोटीवर राहायला हवं. निवृत्तीनंतर मे ते सप्टेंबरात बारा आठवडे फिरलात, तर तोच आठवडा 746 ला येतो. बोट तीच, खर्च तोच. फरक फक्त तुमच्या मोकळ्या दिवसांचा.

मुरिंग वाचवण्याचं म्हणाल, तर तो मार्ग तुमच्यासाठी नाही. 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार लायसन्ससाठी एक तर बोटीची कायमची जागा दाखवावी लागते, नाही तर ती सतत प्रवासात ठेवावी लागते आणि एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. तुम्ही हिवाळ्यात लेस्टरच्या घरी असणार. मग जानेवारीच्या थंडीत दर पंधरवड्याला जाऊन बोट हलवणार कोण? तीही नोव्हेंबर ते मार्च, जेव्हा कालवे सांभाळणारा कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट दुरुस्तीसाठी ठिकठिकाणी लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट चढवणारे-उतरवणारे दारांचे हौद) बंद ठेवतो. शिवाय एप्रिल 2024 पासून अशा फिरत्या बोटींच्या लायसन्सवर जादा आकारणी सुरू झाली आहे, ती टप्प्याटप्प्याने वाढतेय. भाड्याने देऊन खर्च भरून काढायचा बेतही सोडा. खासगी लायसन्सवर ते चालत नाही. व्यावसायिक लायसन्स, वेगळा विमा आणि सुरक्षा तपासणीचे कडक निकष, एवढं सगळं चार आठवड्यांच्या भाड्यासाठी म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पेन्शनची बाजू जास्त नाजूक आहे. फक्त करमुक्त 47,000 काढलेत तर कर नाही, आणि पुढे पेन्शनमध्ये भरण्यावर नवी मर्यादाही येत नाही. पण 46,500 ची बोट 46,500 त कधीच पडत नाही. सर्व्हे झाला, तळ पातळ निघाला, बॅटऱ्या गेलेल्या आहेत, की आणखी 6,000 लागतात. ते उरलेल्या फंडातून काढलेत तर ती रक्कम तुमच्या पगारावर चढते. वरच्या दराचा कर सुरू होतो त्या 50,270 च्या वर तुम्ही आहात, म्हणजे 40 टक्के कर. हातात 6,000 यायला फंडातून 10,000 काढावे लागतील. पहिल्या वेळी बहुधा आपत्कालीन कोडने, म्हणजे खरा हिशोब कळेपर्यंतच्या अंदाजी दराने, कर आणखी जास्त कापला जातो आणि तो परत मागत बसावं लागतं. आणि त्या एका रकमेमुळे पेन्शनमध्ये सवलतीसह भरण्याची तुमची मर्यादा वर्षाला 60,000 वरून 10,000 वर येते. निवृत्तीआधीची तीन वर्षं ही जास्तीत जास्त भरायची वर्षं असतात, नेमकी तीच हातची जातात. या पैशावर बोटीच्या आधी हक्क आहे तो कर्जाचा: स्वस्त करार संपेल त्या दिवशी, दंड न भरता, जमेल तेवढी बाकी फेडायची.

साठीनंतर बोट बघायला जाल तेव्हा रंग आणि पडदे शेवटी बघा. 2003 च्या बोटीचा तळ बहुतेक 10 मिलिमीटर, बाजू 6 आणि वरचा भाग 4 मिलिमीटर जाडीचा असतो. जाहिरातीत 10-6-4 लिहितात ते हेच. बोट पाण्याबाहेर काढून अल्ट्रासाउंडने जाडी मोजून घ्या. सर्व्हे आणि बोट बाहेर काढणं मिळून 1,000 पौंड बाजूला ठेवा. तळ किंवा बाजू कुठेही 4 मिलिमीटरच्या खाली गेली की बऱ्याच विमा कंपन्या पूर्ण विमा देत नाहीत. मग वरून नवे पत्रे जोडावे लागतात, खर्च काही हजारांत जातो आणि बोट जड होऊन पाण्यात आणखी खाली बसते. खड्डे सर्वांत जास्त पाण्याच्या रेषेजवळ पडतात. बोट वर्षानुवर्षं मरीनातल्या विजेला जोडलेली असेल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (पोलाद गंजवणारा प्रवाह अडवणारं उपकरण) बसवलाय का ते विचारा, कारण अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटींशी नातं जुळतं आणि तुमचं पोलाद हळूहळू खाल्लं जातं.

कागदांचं वेगळंच. बोटीला घरासारखी सरकारी मालकी नोंदणी नसते आणि लायसन्सवर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. विक्रीच्या पावत्यांची साखळी मागा, बोटीवर कर्ज नाही हे लेखी घ्या. जून 1998 नंतरची बोट असल्याने सीई चिन्हाची, म्हणजे युरोपीय सुरक्षा मानकं पाळल्याची, कागदपत्रंही हवीत. ती नसली तर विकताना तुमच्याच गळ्यात पडतं.

भाड्याच्या बोटीचा एक फायदा तुमच्या हिशोबात आलेला नाही. 2025 च्या दुष्काळात लीड्स-लिव्हरपूल कालव्याचे मोठे पट्टे पाणी नसल्यामुळे बंद होते. भाडेकरू दुसऱ्या भागातून बोट घेतो. मालकाची बोट बंद लॉकच्या अलीकडे अडकली की मुरिंग आणि लायसन्सचं मीटर चालूच राहतं.

पुढच्या वर्षी एका आठवड्यात फोर काउंटीज रिंग, हा कालव्यांचा वर्तुळाकार मार्ग, करायचं तुम्ही लिहिलंय, त्यावर एक सूचना. मैल आणि लॉक यांची बेरीज करून तीनने भागायचं, तेवढे तास लागतात. ही रिंग 110 मैल आणि 94 लॉकची, म्हणजे 68 तास. सात दिवसांत रोज जवळजवळ दहा तास सुकाणू धरून उभं राहावं लागेल. वेगमर्यादा ताशी चार मैल आहे, घाई करून काही मिळत नाही. दोन आठवडे घ्या, रोज पाच तासांत होतं. बोट 50 फुटीच मागा, म्हणजे वळवताना आणि लॉकमध्ये घेताना त्या लांबीचा अंदाज येईल. लॉकमध्ये उतरताना मागचं टोक भिंतीवरच्या पांढऱ्या खुणेच्या पुढे ठेवायचं, नाही तर ते वरच्या दाराखालच्या उंबऱ्यावर टेकतं आणि पाणी उतरताना बोट पुढून खाली झुकून बुडू शकते.

घराजवळच रंगीत तालीम हवी असेल तर फॉक्सटन आहे: पाच-पाच लॉकचे दोन जिने, 75 फूट चढ. तिथे लाल पॅडल (पाणी सोडायची झडप) आधी आणि पांढरं नंतर उघडायचं. उलट केलंत तर पाणी भलतीकडे जातं. दहा लॉक झाल्यावर दोघांचे गुडघे काय म्हणतात ते लिहून ठेवा. बारा आठवड्यांचा हिशोब त्या गुडघ्यांवरच उभा आहे.

मध्ये तीन वर्षं आहेत, तेव्हा बोटीतला बारावा हिस्सा घ्यायचाही विचार करा. वर्षाला तीन-चार आठवडे मिळतात, हिशोब आणि देखभाल सगळे मिळून बघतात, आणि मालकी म्हणजे काय हे थोडक्यात कळतं. हिस्सा घेण्याआधी गेल्या तीन वर्षांचा जमाखर्च मागा आणि पुढच्या बिट्युमेनसाठी, इंजिनासाठी गंगाजळी शिल्लक आहे का ते बघा. विकायचा तर ग्राहक मिळायला वेळ लागतो, तेवढी तयारी ठेवा.

आणि 46,500 वाल्या विक्रेत्याने बोट धरून ठेवायला 10 टक्के मागितले असतील तर या आठवड्यात एक पेनीही देऊ नका.