खाडीच्या मुखावर बोट नेताना: नाशिककरांचे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत गंगापूर धरणावरची बोट ट्रेलरवर चढवून कोकणात न्यायचा बेत यंदा बऱ्याच जणांनी केलेला दिसतो. पत्रांत खाडीच्या मुखाबद्दलचे प्रश्न इतके आहेत की आज दुसरं काही घेत नाही.

प्रश्न: धरणावर बरीच वर्षं बोट चालवतोय, सोसाट्याच्या वाऱ्यातही चालवली आहे. यंदा आंजर्ल्याच्या खाडीतून समुद्रात जायचं आहे. मुखावर लाटा फुटतात म्हणतात. धरणावरचा सराव पुरेल का? (गंगापूर रोड)

नाही पुरणार. धरणावर लाट वारा उठवतो आणि वारा पडला की तीही बसते. मुखावरची लाट फार लांबून आलेली असते आणि तिथे वाळू तिची वाट बघत असते. नदी वाळू-गाळ घेऊन समुद्राला भिडली की तिचा वेग मरतो आणि सगळा माल तिथेच पडतो, शिवाय किनाऱ्यालगत सरकणारी वाळू त्यात भर घालते. या उथळ पट्ट्यावर लाटेचा वेग कमी होतो, उंची वाढते, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती कोसळते. म्हणजे दोन मीटरची लाट अडीच मीटर पाण्यातच फुटणार. तुमच्या बोटीला तरंगायला अर्धा मीटर पुरतो, म्हणून ‘खाली भरपूर पाणी आहे’ असं वाटतं. बोट टेकेल का याची काळजी नंतर, आधी लाट कुठे फुटतेय ते बघा.

दुसरं म्हणजे, पावसाळ्यात नदीचा लोंढा आणि समुद्राच्या लाटा मिळून हा पट्टा हलवतात. मे महिन्यात जिथून खोल पाण्याची वाट होती, तिथे दिवाळीत वाळू असू शकते. मित्राने पाठवलेला गेल्या वर्षीचा जीपीएस ट्रॅक त्यामुळे कामाचा नाही. गावातल्या तांडेलांना, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखांना, गाठा. ‘आज जाऊ का?’ असं विचारू नका, पाहुण्याचं मन राखायला माणूस ‘जा की’ म्हणतो. ‘तुमची होडी आज किती वाजता निघणार?’ असं विचारा. आणि जमलं तर अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन त्यांनाच बोटीवर घ्या. एका रात्रीच्या रिसॉर्टपेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न: भरतीला जायचं की ओहोटीला? नाशिकला बसून वेळ कशी ठरवायची? (सिन्नर)

चढत्या भरतीला, शेवटच्या दोन तासांत. ओहोटीला खाडीचं पाणी जोराने बाहेर पडतं आणि आत येणाऱ्या लाटेला समोरून भिडतं. लाटा आखूड होतात, उभ्या राहतात, आणि दोन लाटांमध्ये बोट सावरायला जागा उरत नाही. सकाळी सहज पार केलेलं मुख दुपारी ओळखू येत नाही. चढत्या पाण्याचा आणखी एक फायदा म्हणजे चुकून वाळूवर टेकलात तरी थोड्या वेळात पाणीच तुम्हाला उचलतं. ओहोटीला टेकलात तर पाणी उतरत जातं, लाटा मात्र येतच राहतात.

वेळेसाठी भिंतीवरचं पंचांग पुरतं. तिथीला तीनने गुणा, चाराने भागा. येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती, दिवसातून दोनदा. भाऊबीज म्हणजे द्वितीया: दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. दीडच्या सुमाराला भरती, म्हणजे साडेअकरा ते सव्वा हा तुमचा वेळ. हा हिशेब मुंबईच्या आसपास बरा जुळतो, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. बेत आखायला एवढं चालेल, पण पाण्यात उतरताना त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक हातात हवं.

लक्ष्मीपूजनाची अमावास्या असते, म्हणजे त्या दिवसांत उधाण. उधाणाची ओहोटीही तेवढीच जोरकस. पालघरकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, सिंधुदुर्गात दोन-अडीच मीटर. त्यात दुपारनंतर खारा वारा सुटतो. अमावास्येला दुपारी तीन ते पाच या वेळात मुखावर काम काढू नका. जमत असेल तर अष्टमीच्या आसपास जा. तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती असते, प्रवाह मवाळ असतो.

प्रश्न: बाहेर जाणं जमलं, परत येताना मात्र मागून लाट आली आणि बोट गर्रकन फिरली. थोडक्यात वाचलो. काय चुकलं? (इंदिरानगर)

बाहेर जाताना लाट समोर दिसते. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, तिच्याकडे ठेवायची, चढताना रेस द्यायची, माथ्यावर येताच कमी करायची, म्हणजे बोट पलीकडे आपटत नाही. येताना लाटांची नुसती पाठ दिसते. फेस पलीकडच्या अंगाला असतो, त्यामुळे समुद्रातून मुख असतं त्याहून शांत भासतं.

तुमच्या बाबतीत लाटेने बोटीला गाठलं. लाट मागचा भाग उचलते, नाळ खाली जाते आणि पुढच्या पाण्यात रुतते, मग मागचा भाग रुतलेल्या नाळेभोवती फिरतो. सुकाणू त्या क्षणी काही ऐकत नाही. बोट लाटेला आडवी झाली की पुढच्या लाटेला फक्त ढकलायचं काम उरतं.

उपाय: एका लाटेच्या पाठीवर बसायचं आणि तिच्याच वेगाने आत यायचं. माथा ओलांडून पुढे गेलात तर उतारावरून घसरून नाळ रुतणार, मागे पडलात तर मागची गाठणार. अडीच मीटर पाण्यात लाट तासाला साधारण 18 किलोमीटर वेगाने सरकते. लहान आउटबोर्ड (बोटीच्या मागे लावलेलं इंजिन) आणि सहा माणसं, असा भार असेल तर हा वेग गाठता येतो का, हे धरणावर जीपीएस लावून आधीच तपासा. येत नसेल तर त्या बोटीने त्या दिवशी फुटत्या मुखातून आत यायचंच नाही.

आत शिरण्याआधी फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर पंधरा-वीस मिनिटं नुसतं थांबून बघा. लाटा झुंडीने येतात: काही मोठ्या, मग काही लहान. झुंडीतली शेवटची मोठी पुढे गेली की तिच्या मागे लागा. एकदा आत घातलीत की मधेच वळायचं नाही. फुटत्या लाटांत मागे फिरणं म्हणजे स्वतःहून बोट आडवी करणं. त्याआधी सगळ्यांनी जॅकेट घालायचं, खाली बसायचं, पुढे कोणी जायचं नाही, इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला हवी आणि आइसबॉक्स बांधलेला हवा.

प्रश्न: इन्कॉइसच्या अंदाजात लाट 1.2 मीटर दाखवली तर निर्धास्त जायचं का? (सातपूर)

निर्धास्त नाही. समुद्राचा अंदाज देणारी हैदराबादची ही संस्था सांगते ती ‘लक्षणीय’ उंची, म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. त्यातली एखादी लाट जवळजवळ दुप्पट निघू शकते, आणि हा आकडा खोल पाण्याचा असतो, मुखावरचा नाही. शेजारीच लाटांमधलं अंतर सेकंदांत दिलेलं असतं, ते लोक वाचत नाहीत. तेवढ्याच उंचीची पंधरा सेकंदांची लाट सात सेकंदांच्या लाटेपेक्षा पट्ट्यावर खूप जास्त उभी राहते. मार्च ते मे या काळात अशा जास्त सेकंदांच्या लाटा दक्षिण महासागरातून येतात, तेव्हा आपल्याकडे पान हलत नसतं.

प्रश्न: आमची हवेची रबरी बोट आहे. नाशिकहून फुगवून ट्रेलरवर न्यावी का? (त्र्यंबक रोड)

न्या, पण खाली उतरल्यावर पुन्हा हवा मोजा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचावर आहे. किनाऱ्यावर बाहेरच्या हवेचा दाब सुमारे एक पीएसआयने जास्त, म्हणजे इथे तीन पीएसआय भरलेली ट्यूब तिथे दोनच दाखवेल. गाडीत उन्हाने तापून ती टणक लागते, पाण्यात थंड झाली की मऊ पडते, आणि मऊ बोट लाटेवर मधोमध वाकते. परतताना उलट: घाट चढण्याआधी थोडी हवा सोडा.

पेट्रोलचंही बघा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा ओढतं, महिनोन्महिने उभ्या बोटीत टाकीच्या तळाला पाणी आणि गाळ बसतो. धरणावर तो तळालाच राहतो. मुखावर दोन धक्के बसले की फिल्टरमध्ये येतो आणि इंजिन नको तिथे बंद पडतं. टाकी रिकामी करून ताजं भरा, फिल्टर बदला.

प्रश्न: यजमान आणि मुलगा समुद्रात जाणार, मी किनाऱ्यावर थांबणार. मी काय करू? (देवळाली कॅम्प)

ताई, निघण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: बोटीवर किती माणसं, कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार. शक्य असेल तर त्यांच्या परतीच्या वेळी उंचावर उभं राहून मुख बघा. लाटा कुठे फुटतायत ते किनाऱ्यावरून त्यांच्यापेक्षा तुम्हाला चांगलं दिसेल. फोन लागत असेल तर तसं सांगा. ठरलेली वेळ टळली आणि संपर्क नसेल तर तटरक्षक दलाचा 1554 फिरवा. ‘अजून थोडी वाट बघू’ म्हणत अंधार होऊ देऊ नका.

आणि सोमवारच्या ऑफिसचा विषय त्यांच्यासमोर काढू नका. रविवारी रात्री नाशिकला पोचायचंय म्हणून माणसं ओहोटीत बोट घालतात. जवळच्या दुसऱ्या, सुरक्षित बंदरात त्यांनी बोट लावली तर गाडी घेऊन तुम्ही तिकडे जा. ट्रेलर दुसऱ्या दिवशी आणता येतो.