प्रश्न तुमचा, उत्तर ताईंचे: रविवारचे जेवण

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे वय 31 वर्षे. वडोदऱ्यातील दांडिया बाजारात मी लहानाची मोठी झाले आणि आता शहरातल्याच एका खासगी कार्यालयात हिशेब विभागात काम करते. रुजू झाले त्याच आठवड्यात डबा खाताना कोणीतरी, ‘तुम्ही शाकाहारीच ना?’ असे विचारले आणि मी ‘हो’ म्हणून गेले. आमच्या घरी रविवारी मासे होतात. तीन वर्षे मी हे लपवत आले आहे, आणि मराठी माणसांवर कोणी विनोद केला की सर्वांत आधी मीच हसते. उलट पुण्याच्या मावसबहिणी माझ्या मराठीला ‘गुजराळलेली’ म्हणतात, म्हणून त्यांच्यासमोर मी पुणेरी बोलू पाहते. आता कार्यालयातील एक जवळची मैत्रीण येत्या रविवारी जेवायला येते म्हणते आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी इंग्रज बादशहाकडे पाठ फिरवल्याची गोष्ट माझे आजोबा अभिमानाने सांगत. मला मात्र साध्या जेवणाविषयी खरे बोलवत नाही. काय करावे?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत, त्या आधी सोडवून घेऊ.

तुमच्या मराठीत गुजराती शब्द येतात, यात खोटेपणा काहीच नाही. गायकवाडांच्या अमलापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, येथे नांदलेल्या मराठीला शेजारणीचा वास लागणारच. आपल्याकडची उसळ शेव आणि तर्री घेऊन या गावची झाली, तिला कोणी बाटलेली म्हणत नाही. लटके काही असेलच तर ते बहिणींसमोर उसने आणलेले पुणेरी बोलणे. ते आजपासून सोडून द्यावे. त्यावर याहून अधिक विचार करण्याचे कारण मला दिसत नाही.

डब्याचे तसे नाही. ज्यांना वासही सहन होत नाही त्यांच्या पंगतीत मासे न नेणे हे सौजन्य आहे आणि ते तुम्ही पुढेही पाळावे. परंतु समोरच्याची अडचण ओळखून एखादी गोष्ट टाळणे वेगळे आणि आपल्या घरचे स्वयंपाकघर नाकारणे वेगळे. पहिल्याने मनावर ओझे येत नाही, दुसऱ्याने तीन वर्षे झोप चाळवते. विनोदाला हसणे तर मला याहून गंभीर वाटते, कारण तेथे तुम्हाला कोणी विचारलेलेही नव्हते. पुढच्या वेळी नुसते हसू नका. लगेच प्रत्युत्तर सुचलेच पाहिजे असे नाही.

आजोबांच्या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र लक्षात असू द्या. 12 डिसेंबर 1911 रोजी दिल्ली दरबारात महाराज एकदाच लवले आणि पाठ फिरवून परतले, त्यावरून मोठा गहजब झाला आणि पुढे त्यांना व्हाइसरॉयला दिलगिरीचे पत्र लिहावे लागले. आपण पूर्वार्धच सांगतो. बाणेदारपणाची किंमत महाराजांनाही चुकली नाही. म्हणून साऱ्या कार्यालयासमोर उभे राहून घोषणा करा, असे मी तुम्हाला सांगणार नाही.

सांगायचे ते त्या एका मैत्रिणीला, आणि रविवारच्या आत. ती ताटावर बसल्यावर सांगाल तर तिला कोंडीत पकडल्यासारखे होईल. ‘पहिल्या दिवशी भीतीने खोटे बोलले, मग मागे फिरता आले नाही,’ एवढे पुरे आहे. मांसाहाराची बाजू मांडत बसू नका. ती दुखावली तर बहुधा माशांमुळे नव्हे, तीन वर्षांच्या लपवाछपवीमुळे दुखावेल, आणि तो राग तिचा हक्काचा आहे. कदाचित ती यायचे टाळेल. आली तर त्या दिवशी मासे आणू नका, तिच्यासाठी कोरी भांडी काढून ठेवल्याचे आधीच कळवा आणि शेव-उसळीचा बेत करा.