वाचकांचे प्रश्न : घरातली वीज नेमकी जाते कुठे?

प्रश्न : आमच्या घरात चार माणसे आहेत. घरभर एलईडी दिवे लावले, मुलांना दिवे बंद करण्याची सवय लावली, तरी थंडीत बिल तीनशे युनिटांच्या पुढे जातेच. तीनशेचा टप्पा ओलांडला की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का? आणि आम्ही आणखी काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे बरोबर नाही. महावितरणच्या घरगुती वीजदरात १०० युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा दर असतो. आपला वापर ३०५ युनिटे झाला, तर तिसऱ्या टप्प्याचा दर फक्त वरच्या पाच युनिटांना लागतो. मात्र यातूनच एक उपयोगाची गोष्ट निघते. आपण जे युनिट वाचवतो ते नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातले असते आणि त्यावरचे १६ टक्के वीज शुल्कही वाचते.

आता दिव्यांविषयी. आपण केले ते योग्यच आहे, पण दिव्यांचा वाटा मुळातच लहान असतो. नऊ वॅटचे सहा दिवे रोज पाच तास जळले, तर दिवसाला पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. याउलट २००० वॅटचा गिझर तासभर तापला की दोन युनिटे जातात. थंडीत बिल वाढते ते बहुधा यामुळेच. वीस लिटरची एक बादली पाणी वीस अंशांवरून चाळीस अंशांपर्यंत तापवायला जवळजवळ अर्धे युनिट लागते. हे पाण्याचेच गणित आहे, त्यात गिझरच्या कंपनीने फारसा फरक पडत नाही. म्हणजे चार माणसांच्या चार बादल्यांचे महिन्याचे पन्नास-साठ युनिट झाले. त्यात बचत करायची असेल तर सर्वांनी पाठोपाठ अंघोळी उरकाव्यात, म्हणजे टाकीतले आणि नळापर्यंतच्या पाइपातले तापलेले पाणी पुन्हापुन्हा निवत नाही. आणि गिझर दिवसभर चालू ठेवू नये. इमारतीच्या गच्चीवर जागा असेल, तर सौर बंब बसवण्याचा विषय सोसायटीच्या सभेत जरूर काढावा, कारण एवढी मोठी बचत दुसऱ्या कोणत्याही एका बदलाने साधत नाही.

पण हे सारे माझ्या सांगण्यावरून मान्य करण्यापेक्षा आपल्या मीटरला विचारावे, असा माझा आग्रह आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो, हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. घड्याळ लावून एक मिनिट मोजले आणि दिवा सोळा वेळा लुकलुकला, तर तासाला ९६० वेळा होतील, म्हणजे तासाला ०.३ युनिट, त्या क्षणी घरात ३०० वॅट वीज वापरली जात आहे. एकेक उपकरण चालू-बंद करत असे मोजले, की कोण किती खाते ते एका संध्याकाळी समजते. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर रीडिंग वहीत टिपले, तर फ्रीज, पंखे आणि बंद दिसणारी पण चालूच असलेली उपकरणे यांचा हिशेब लागतो. सेट टॉप बॉक्स त्यांतलाच एक. रिमोटने बंद केल्यावरही त्याने दहा वॅट घेतले, तर महिन्याला सात युनिटे होतात. तो भिंतीवरच्या बटनानेच बंद करावा.

प्रश्न : आमचा फ्रीज बारा वर्षांचा आहे, पण त्यावर पाच तारे आहेत. तो बदलावा का? पंखेही बदलावेत का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताऱ्यांचे निकष ऊर्जा दक्षता ब्यूरो वेळोवेळी कडक करत असते, त्यामुळे बारा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एक नव्हेत. लेबलवर ताऱ्यांइतकेच महत्त्वाचे म्हणजे वर्षाला लागणाऱ्या युनिटांचा आकडा आणि लेबल कोणत्या काळासाठी आहे ते. दुकानात हे दोन्ही वाचूनच निवड करावी. तत्पूर्वी आपल्या फ्रीजचा प्रत्यक्ष खर्च मोजावा. कॉम्प्रेसर सतत चालत नाही, म्हणून मिनिटभराचे मोजमाप येथे फसवे ठरते. प्लगमध्ये लावायचा वीजमापक चोवीस तास लावून ठेवावा. दाराचे रबर सैल पडले असेल, तर आधी तेवढेच बदलून पाहावे.

पंख्यांचे उत्तर सोपे आहे. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा पूर्ण वेगातही तीसच्या आसपास. जो पंखा रोज बारा तास फिरतो, तेथे महिन्याला सोळा युनिटे वाचतात. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा मात्र आहे तसाच राहू द्यावा.

प्रश्न : वापर वाढला नसताना बिल दुप्पट आले. मीटरच बिघडला असेल का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : प्रथम बिलावरील चालू रीडिंग आणि मीटरवरचा आकडा जुळवून पाहावा, रीडिंग न घेता सरासरीने बिल आले असेल, तर ते येथेच उघड होते. आकडे जुळले, तर घराचा मेन स्विच बंद करून मीटरजवळ दहा मिनिटे थांबावे. लाल दिवा लुकलुकतच राहिला, तर मीटरमध्ये किंवा मीटर ते मेन स्विच या दरम्यानच्या वायरिंगमध्ये दोष आहे. तो थांबला, तर सगळे एमसीबी (मेन स्विचपुढे घराच्या एकेका भागाची वीज तोडणारे खटके) खाली करावेत, मेन स्विच चालू करावा आणि एकेक एमसीबी वर करत जावा. ज्या एमसीबीनंतर उपकरणे बंद असूनही दिवा लुकलुकू लागेल, त्या खोलीचे वायरिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. मीटरचाच संशय राहिल्यास वीज कार्यालयात मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.